दुःखभोगातून आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तश्रद्धेचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताविषयी एक विलक्षण विधान येते. तो पुत्र होता, तरीही जे भोगावे लागले त्यातून तो आज्ञापालन शिकला, असा त्याचा आशय आहे. जो पूर्ण मानला जातो त्याला काही शिकावे लागले, आणि तेही दुःखाच्या शाळेत, ही कल्पना ख्रिस्ती विचारवंतांना सतत आव्हान देत आली. सामान्य श्रद्धावंतांच्या दृष्टीने मात्र या विधानाला दुसरीच बाजू होती. दुःख भोगणाऱ्या माणसाला धीर देण्यासाठी त्याचा उपयोग झाला, तसाच त्याला गप्प बसविण्यासाठीही झाला. सोसणाऱ्याने सोसत राहावे आणि सांगणाऱ्याने सांगत राहावे, असा त्याचा अर्थ करणे फारसे कठीण नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाचा सामना ज्यांना स्वतःच्या आयुष्यात करावा लागला, त्यांत पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे स्थान वेगळे आहे. त्यांच्यावरील मराठी लेखन बहुधा दोन टोकांना गेलेले दिसते. एका टोकाला धर्मांतराचा वाद आहे, दुसऱ्या टोकाला स्त्रीशिक्षणाचा गौरव. या दोहोंच्या मध्ये त्यांची श्रद्धा, म्हणजे ती नेमकी कशी घडली आणि तिने त्यांच्याकडून काय मागितले, हा विषय बराचसा बाजूला राहिला. प्रस्तुत लेखात ‘आज्ञापालन’ हा एकच शब्द धरून त्या श्रद्धेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

सोलापूरच्या वाचकाला हा विषय परका नाही. १८८२ साली रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली, तेव्हा त्याच्या शाखा ज्या गावी निघाल्या त्यांत सोलापूर, पंढरपूर आणि बार्शी ही तीन नावे आहेत. पुढे त्यांचे कार्य जेथे स्थिरावले ते केडगाव पुणे-सोलापूर लोहमार्गावरच आहे. आणि ज्या दुष्काळांनी त्यांचे आयुष्य घडविले, त्यांचा अनुभव या जिल्ह्याइतका थोड्याच जिल्ह्यांनी घेतला असेल. १८७६-७७ च्या दुष्काळात मजुरीवर आलेल्या हातांनी बांधावयास घेतलेला आष्टीचा तलाव त्याची आजही साक्ष देतो.

‘ऐकणे’ आणि ‘शुश्रूषा’

मूळ ग्रीक वाक्यात ‘शिकला’ आणि ‘भोगले’ या दोन क्रियापदांचा यमकासारखा मेळ आहे : ‘एमाथेन’ आणि ‘एपाथेन’. भोगल्याने शहाणपण येते, हे ग्रीकांचे जुने सूत्रच होते. एस्खिलसच्या शोकांतिकेत ते येते आणि हिरोडोटसच्या इतिहासात पराभूत राजा क्रीससच्या तोंडीही तसाच विचार आहे. पत्रलेखकाने हे लोकांच्या ओठावरचे सूत्र उचलून त्याला नवे कर्म जोडले. भोगातून केवळ शहाणपण येते असे न म्हणता आज्ञापालन येते, असे त्याने म्हटले. त्यासाठी वापरलेला ‘हुपाकोए’ हा शब्द ‘ऐकणे’ या धातूवरून आलेला आहे. कान देऊन ऐकणे, हा त्याचा पायाचा अर्थ.

संस्कृतज्ञ वाचकाला येथे ‘शुश्रूषा’ या शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. श्रु धातूच्या इच्छादर्शक रूपापासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असाच आहे. परंतु मनुस्मृतीत शुश्रूषा हे शूद्राचे तीन वर्णांविषयीचे आणि पत्नीचे पतीविषयीचे कर्तव्य ठरले. ऐकण्याच्या इच्छेचे सेवेच्या सक्तीत रूपांतर झाले. आधुनिक मराठीत त्याच शब्दाला रुग्णाची सेवा हा अर्थ प्राप्त झाला आहे. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात ऐकणे, ताबेदारी आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे तिन्ही अर्थ नांदतात. रमाबाईंचा प्रवास या तिन्ही अर्थांमधून झाला, असे म्हटल्यास ती केवळ शब्दांची कसरत ठरू नये. शुश्रूषा म्हणजे ताबेदारी, हे शास्त्र त्यांना लहानपणापासून मुखोद्गत होते, आणि १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीची मांडणी करताना त्यांनी मनूच्याच वचनांचा आधार घेतला.

पाळलेली आज्ञा आणि आलेला दुष्काळ

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडच्या भागातील विद्वान चित्पावन ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकविण्याचे धाडस त्यांनी केले आणि त्यापायी विरोध सोसला. पश्चिम घाटातील गंगामूळ येथे त्यांनी आश्रम थाटला होता. रमाबाईंचा जन्म तेथलाच. त्या अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने तो आश्रम सोडला आणि पुराण सांगत, तीर्थे करीत त्यांची भटकंती सुरू झाली. रमाबाईंना आईनेच शिकविले.

या कुटुंबाच्या धर्मनिष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. व्रते, दाने, स्नाने, जप, ब्राह्मणभोजने यांत जवळचा सर्व पैसा खर्च झाला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात टंचाई सुरू झाली, तेव्हा त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. मजुरी करणे वा भीक मागणे पंडिताच्या कुळाला शक्य वाटेना. तिरुपतीजवळच्या अरण्यात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत नमूद केले आहे. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. थोरला भाऊ श्रीनिवास याने आपण मजुरी करू असे म्हटले, तेव्हाच तो बेत राहिला. परंतु वडील त्यातून वाचले नाहीत. अखेरच्या वेळी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन, तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच राहून त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे शब्द काढले. तो देव कोणता, हे त्या क्षणी त्यांच्या मनात नि:संदिग्ध होते. मुलीने मात्र त्या आज्ञेचा अर्थ पुढची तीस वर्षे शोधला आणि १९०७ साली आपली साक्ष लिहिताना तो प्रसंग पुन्हा सांगितला.

काही आठवड्यांत आईही गेली. रायचूरला असताना आजारी आईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला आणि तो मागून आणताना सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, तेव्हा आई ती खाण्याच्या अवस्थेत नव्हती. तिची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत म्हणून मुलीलाच खांदा द्यावा लागला. उंची कमी पडल्याने तिने ती डोक्यावर घेतली. नंतर थोरली बहीणही पटकीने गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून त्यांत ती झोपली आणि अंगावर वाळू ओढून घेतली.

या अनुभवाचा धार्मिक अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता. इब्री पत्रातील विधानात आधी भोग येतो आणि त्यातून आज्ञापालन निपजते. डोंगरे कुटुंबात हा क्रम नेमका उलटा होता. आज्ञा आधी काटेकोर पाळली होती आणि तिच्या पालनाने संकट टळावे अशी अपेक्षा होती. ते टळले नाही. शास्त्राने सांगितलेली एकही गोष्ट आम्ही सोडली नव्हती, हे रमाबाईंच्या आठवणींतील सूत्र तक्रारीपेक्षा निरीक्षणाच्या स्वरात येते, आणि म्हणूनच ते अधिक तीव्र वाटते. नियमपालन म्हणजे देवाशी केलेला सौदा, ही समजूत तेथेच मोडली. महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच नवा नव्हता. १६३०-३१ च्या दुष्काळाने तुकोबांच्या संसाराची अशीच वाताहत केली होती. परंतु तुकोबांना विठ्ठल उरला. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याला पोहोचेपर्यंत काहीच उरले नव्हते. तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, हा इतिहासातील मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल : ज्या विद्येवरचा विश्वास आतून ढासळत होता, तिच्यासाठीच जाहीर सन्मान झाला.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. जवळ दहा महिन्यांची मनोरमा होती. त्या पुण्यास आल्या.

वाँटेजचा वाद

१८८३ साली रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावातून १८४८ साली स्थापन झालेला हा संघ दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मानणारा होता. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. या धक्क्यानंतर काही काळातच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. बहिरेपणा वाढत गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. ज्या शब्दाचे मूळ ‘ऐकणे’ आहे त्या शब्दावरून जिच्याशी एवढा वाद झाला, तिला कानांनी कमी ऐकू येत होते. योगायोगाला याहून अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही, पण तो नोंदवण्याजोगा आहे.

सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून रमाबाईंच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ही पत्रे जेराल्डीन यांनीच जपली, जुळवली आणि त्यांना स्वतःच्या टिप्पण्या जोडल्या. म्हणजे हे दप्तर एका पक्षकाराने सिद्ध केलेले आहे. तरीही ते वाचताना वाचकाचे मन बहुतेक वेळा दुसऱ्या पक्षाकडे झुकते, यातच रमाबाईंच्या लेखणीचे सामर्थ्य दिसते.

वाद वरवर पाहता किरकोळ गोष्टींवरून पेटले. अंडी घातलेले गोड पदार्थ त्या खाईनात. भेट म्हणून मिळायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, हे त्यांना पटेना. हिंदी स्त्रियांना जी भाषा कळत नाही तिच्यात संस्कृतपेक्षा अधिक पावित्र्य काय आहे, असा त्यांचा सवाल होता. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वे, कोणी आणि केव्हा शिकवावीत, हा प्रश्न सर्वांत हळवा होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि अथनेशियन मतांगिकाराविषयी त्यांनी उघड शंका घेतल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली : हिंदुस्थानात परतल्यावर यामुळे त्यांची प्रतिष्ठा कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. विद्वानांच्या भरसभेत वाद घातलेल्या स्त्रीला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

जेराल्डीन यांच्या दृष्टीने या सर्वांचे मूळ एकच होते. नव्या ख्रिस्ती स्त्रीत नम्रता उतरलेली नव्हती. स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास हाच तिचा अडथळा होता. दुःख माणसाला वाकायला शिकविते आणि रमाबाईंनी एवढे भोगूनही त्या वाकायला तयार नव्हत्या, हे त्यांना कोड्यासारखे वाटत असावे. येथे त्यांच्यावर अन्याय होऊ नये. त्या स्वतः आज्ञापालनाच्या व्रतात जगत होत्या आणि जे स्वतः पाळीत होत्या तेच त्या मागत होत्या. रमाबाईंवरील त्यांचे प्रेम पत्रांतून पदोपदी जाणवते.

मे १८८५ मधील पत्रांत रमाबाईंनी दिलेले उत्तर आज प्रसिद्ध आहे. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे; ख्रिस्ताच्या मंडळीचे सभासद झालो म्हणून पाळक वा बिशपाच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानलाच पाहिजे असे नाही; एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर लगेच दुसरे मानेवर घेण्याची तयारी नाही, असा त्याचा रोख होता. देवाच्या शब्दाला मान तुकविणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याला मान तुकविणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. भोगाने त्यांना आज्ञापालन शिकविले नव्हते असे नाही. कोणाची आज्ञा पाळू नये, हे भोगाने आधी शिकविले होते.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना हा भेद कळला होता असे दिसते. त्यांनी शंकांना उत्तरे देण्याचा प्रयत्न केला, दडपण्याचा नाही. या दोन इंग्रज स्त्रियांमधील फरक विचार करण्याजोगा आहे. एकीने शिष्या पाहिली, दुसरीने विद्यार्थिनी.

त्याच वर्षी इकडे महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ मधून रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली. दोन पुरोहितवर्ग हा रमाबाईंचा विचार जोतीरावांना परका नव्हता. तथापि वाँटेजला त्या कोणत्या अडचणीत आहेत, याची कल्पना पुण्यात फार थोड्यांना असणार. टीकाकार त्यांना मिशनच्या हातचे बाहुले समजत होते, त्याच वेळी मिशन त्यांना हट्टी समजत होते.

धर्मसत्तेची रचना हा भाग येथे विचारात घ्यावा लागतो. अहमदनगर आणि सोलापूर या भागात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या होत्या. त्यांना बिशप नव्हता. स्थानिक मंडळी आपले निर्णय स्वतः घेई. रमाबाईंची गाठ प्रथम अशा परंपरेशी पडली असती तर वादाला एवढी धार आली नसती, असे मानण्यास जागा आहे. मात्र रचना सैल असली म्हणून आज्ञेचा प्रश्न सुटतो असेही नाही. याच मिशनशी संबंधित असलेल्या ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्या वाट्याला विरहाची काही वर्षे आली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की तो पतीच्या आज्ञेने झाला नव्हता. सोवळेओवळे आणि जातिभेद यांची त्यांच्या मनातली पकड त्यांची त्यांनाच सुटलेली जाणवली, आणि मगच त्या पुढे सरल्या. तेथेही भोग आधी, श्रद्धा नंतर.

उघडे दार

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धार्मिक बाबतीत तटस्थता पाळण्याचे वचन होते आणि रमाबाईंनी ते आपल्या समजुतीप्रमाणे पाळले. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. मुली आल्या तर हाकलत नसत. सल्लागार मंडळाला एवढे पुरे होते. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेच्या वचनाचा हा भंग होता की नाही, यावर मतभेद राहतील. आपल्या मनात श्रद्धा कधी मुरली हे सांगताना त्यांनी १८९१ चा काळ दिला आहे, हे ध्यानात घेतले तर सदनाला आरंभी दिलेले वचन एका रमाबाईंचे होते आणि ते मोडल्याचा आरोप दुसऱ्या रमाबाईंवर आला, असे म्हणता येईल.

केडगाव : भोगाची ओळख

१८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी मध्य प्रांतातून आली, तेव्हा रमाबाई आर्थिक अडचणीत होत्या. तरीही त्या निघाल्या. त्यांनी दिलेले कारण साधे होते : वीस-बावीस वर्षांपूर्वीचे सर्व आठवले. निवारा-केंद्रांबाहेर बसलेल्या मुलींत त्यांना भाकरीसाठी तोंड न उघडणारी मुलगी दिसली असावी. तीनशे मुलींना आश्रय देण्याचा त्यांचा संकल्प होता. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने नव्या मुलींना केडगाव येथे सदनासाठी आधी घेतलेल्या जमिनीवर न्यावे लागले. मुक्ती सदनाचे विधिवत समर्पण १८९८ च्या सप्टेंबरमध्ये झाले. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

दुःखाचा हा उपयोग वाँटेजच्या शिकवणुकीहून वेगळा आहे. तेथे दुःख माणसाला आतून नमविते. येथे ते माणसाला दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठविते. शुश्रूषेचा तिसरा अर्थ येथे हाती येतो. आणि त्या आज्ञेत सरकारपुढे मान तुकविणे मोडत नव्हते. १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग-रुग्णालयातील व्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेबाबत, त्यांनी कठोर टीका केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. रमाबाईंनी माघार घेतली नाही. सत्ताधाऱ्यांचा धर्म स्वीकारलेली स्त्री सत्ताधाऱ्यांविरुद्ध असे लिहिते, हे तत्कालीन टीकाकारांच्या चौकटीत बसणारे नव्हते.

परंतु मुक्ती सदनाचा विचार केवळ गौरवाच्या सुरात करता येत नाही. वाँटेजला आज्ञापालन नाकारणारी स्त्री केडगावला शेकडो मुलींची प्रमुख झाली. घंटेवर उठणे, घंटेवर प्रार्थना, शाळा, शेतातले काम, विणकाम, घाण्याचे काम, छापखाना असा दिनक्रम होता. एवढ्या मोठ्या वस्तीत तो आवश्यकही होता. दुष्काळातून आलेल्या, आजारी, भेदरलेल्या मुलींना जगवायचे म्हणजे स्वयंपाक, पाणी आणि स्वच्छता यांत शिस्त लागतेच. पण या मुलींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ‘नाही’ म्हणण्याची जागा कितपत होती? अन्न देणाऱ्या हाताच्या धर्माला नकार देणे भुकेल्या मुलीला किती शक्य असते? रमाबाईंनी स्वतः जेराल्डीन यांना विचारलेले प्रश्न केडगावच्या एखाद्या मुलीने रमाबाईंना विचारले असतील, तर त्यांची नोंद ‘मुक्ती प्रेअर बेल’ या संस्थेच्या नियतकालिकात सापडण्याची अपेक्षा करता येत नाही. ते देणगीदारांसाठी निघणारे पत्र होते.

एवढे मात्र मान्य करावे लागते की त्या मुलींना काम आले. बाहेर पडून शिक्षिका, परिचारिका, धर्मप्रचारिका म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या स्त्रिया तेथून निघाल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, वृद्धांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. ज्यांना कुटुंब आणि समाज यांनी टाकून दिले होते, त्यांना ‘आज्ञा’ या शब्दाचा अर्थ पूर्वीच्या घरात जो कळला होता त्यापेक्षा केडगावात निश्चितच वेगळा कळला असणार.

१९०५ च्या जून अखेरीस सदनात ज्याला पुनरुज्जीवन म्हणतात ती लाट आली. मुली रात्र-रात्र रडून आपली पापे कबूल करू लागल्या. मोठमोठ्याने, सर्व मिळून प्रार्थना होऊ लागल्या. शिस्तीच्या दृष्टीने हा गोंधळच होता. पाहुण्या मिशनऱ्यांपैकी काहींना तो खटकला. रमाबाईंनी तो थांबविला नाही. हिंदी ख्रिस्ती स्त्रियांनी आपल्या पद्धतीने प्रार्थना करू नये असे कोणी ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना विरोध करणारी स्त्री येथे पुन्हा दिसते. वीस वर्षांत प्रश्न बदलला नव्हता. उत्तर देण्याचा अधिकार तेवढा त्यांच्या हाती आला होता, आणि तो अधिकार त्यांनी अशा वेळी तरी मुलींच्या बाजूने वापरला.

शेवटचे काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांविषयी त्यांची तक्रार होती. वेदान्ताच्या छटा घेऊन आलेले शब्द अशिक्षित स्त्रीला कळत नाहीत आणि शिकलेल्या वाचकाला भलतीकडे नेतात, असे त्यांचे मत. सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्यांना हजारो श्लोक पाठ होते, त्यांनी आपल्या पांडित्याची भाषाच बाजूला ठेवली. भाषांतर म्हणून या ग्रंथाचे मूल्यमापन अभ्यासकांनी वेगवेगळे केले आहे. साधेपणाच्या आग्रहापायी अनेक ठिकाणी मराठी अडखळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वतः पंडिता असलेल्या लेखिकेला अडाणी वाचकासाठी लिहिणे किती जड गेले असेल, याचा तो पुरावाही आहे.

नवा करार १९१३ साली निघाला. जुन्या कराराचे काम चालू असताना १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची होती, तीच गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती मुलगी. त्यानंतर रमाबाई सुमारे नऊ महिने जगल्या आणि त्या अवधीत मुद्रितांचे काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो केडगावच्या छापखान्यात छापला गेला आणि तेथील खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे सदनातल्या स्त्रिया करीत असत. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे पान ज्यांनी जुळविले, त्यांच्यापैकी काहींनी तरी १८९७ किंवा १९०० सालचा दुष्काळ पाहिलेला असणार.